छोटी विमानं जमिनीवर वळतात कशी, थांबतात कशी? (टो ब्रेक, नोजव्हील वगैरे)

शंकासुर

नमस्कार मंडळी. आयडीला जागून एक शंका.

भाची गोंदियाला, बिरसीच्या विमानतळावर वैमानिकीचं शिक्षण घेते आहे. आधी दुसरीकडे सेसना १७२ वर थोडे तास झाले होते, आता डायमंड डीए-४० वर आहे. परवा फोनवर म्हणाली, "मामा, हवेत काही वाटत नाही, पण एप्रनपासून, म्हणजे विमानं उभी करतात तिथून, धावपट्टीपर्यंत पिवळ्या रेघेवरून नेताना घाम फुटतो. सेसना पायाने वळायची, ही ब्रेकने वळते." म्हटलं, ब्रेकने थांबतं ना गं, वळेल कसं? तर "डिफरन्शियल ब्रेकिंग, मामा" एवढं बोलून क्लासला पळाली.

तेव्हापासून डोक्यात भुंगा. समोर ते अर्धवट स्टिअरिंगसारखं असतं, ते जमिनीवर काय करतं? इंजिन चाकांना जोडलेलं असतं का? ब्रेक हाताने लावतात की पायाने? आणि एका कंपनीने दिलेली सोय दुसरीने काढून का टाकली? मोठ्या विमानांबद्दल यूट्यूबवर ढिगाने आहे, मला ही दोन-चार माणसांची विमानं समजून घ्यायची आहेत. जाणकारांनी सवडीने लिहावं. नुसत्या लिंका देऊन पळू नये ही विनंती.

हौशी_गगन

माझ्या अंदाजाने इंजिनाची थोडी ताकद गिअरमधून पुढच्या चाकाला देत असणार. चूभूद्याघ्या.

उनाडवारा

गगनराव, नाही हो. चाकांचा आणि इंजिनाचा काडीचाही संबंध नसतो, चाकं नुसती गडगडतात. प्रॉपेलर हवा मागे ढकलतो म्हणून विमान पुढे सरकतं, आकाशात काय आणि एप्रनवर काय. वेग वाढवायचा तो थ्रॉटलने. कमी करायचा तोही आधी थ्रॉटलने, मग ब्रेकने. हा क्रम लक्षात ठेवा, पुढे लागेल.

शंकासुर, तुम्ही म्हणता त्या स्टिअरिंगला योक म्हणतात. तो पंखांवरची एलेरॉन आणि शेपटीवरचं एलिव्हेटर या फळ्या हलवतो. जमिनीवर तो कितीही फिरवा, विमान वळणार नाही. गाडी चालवायची सवय असलेला प्रत्येक विद्यार्थी पहिल्या दिवशी योक फिरवतो आणि विमान सरळ गवताकडे निघतं. मी तर पहिल्या टॅक्सीला, म्हणजे विमान जमिनीवर चालवताना, हात मांडीवर ठेवायला लावते. पण म्हणून योक जमिनीवर बिनकामाचा असं नाही. वारा पुढून डावीकडून असेल तर तो डावीकडे धरायचा. मागून डावीकडून असेल तर उजवीकडे फिरवून पुढे ढकलून ठेवायचा, नाहीतर वारा पंखाखाली शिरून विमान उचलू पाहतो. पंख वर असलेल्या हलक्या विमानाला जोरदार मागच्या वाऱ्यात हे फार सांभाळावं लागतं.

आता पाय. दोन पेडल असतात. अख्खं पेडल पुढे ढकललं की रडर, म्हणजे शेपटीवरची उभी फळी, हलतो, आणि सेसनासारख्या विमानात त्याबरोबर नोजव्हील, म्हणजे नाकाखालचं चाकही वळतं. त्याच पेडलचा वरचा भाग चवड्याने दाबला की ब्रेक, हाच टो ब्रेक. डाव्या चवड्याला डावं मागचं चाक, उजव्याला उजवं. ब्रेक फक्त पंखांखालच्या दोन मुख्य चाकांना, नोजव्हीलला अजिबात नाही. पाय एकच पण कामं दोन, म्हणून टेक-ऑफला टाचा जमिनीवर ठेवा असं घोकून घेतात. चवडा चुकून वर सरकला तर विमान ब्रेक दाबूनच धावत सुटतं.

सेसना १७२ मध्ये पेडलपासून नोजव्हीलपर्यंत जी दांडी जाते तिच्यात स्प्रिंग असते. नुसत्या पेडलने चाक दोन्ही बाजूंना साधारण १० अंश वळतं. त्याहून आवळून वळायचं असेल तर आतल्या बाजूचा ब्रेक थोडा दाबायचा, मग स्प्रिंग ताणली जाते आणि चाक ३० अंशांपर्यंत फिरतं. या स्प्रिंगमुळे विमानाचा प्रतिसाद किंचित उशिरा येतो. नवखा माणूस पेडल दाबतो, काही होत नाही म्हणून आणखी दाबतो, तोवर पहिलं दाबणं लागू होतं, मग घाईने उलटा पाय. बाहेरून बघणाऱ्याला विमान नागमोडी चाललेलं दिसतं.

डीए-४० मध्ये ही दांडीच नाही. नोजव्हील मोकळं, कॅस्टर. त्याचा आस वळणाऱ्या खुंटीच्या मागे असतो, त्यामुळे नाक जिकडे ओढलं जाईल तिकडे ते मुकाट मागे येतं. नाक ओढायचं कसं, तर एका मुख्य चाकाचा वेग कमी करून. डावं चाक अडलं, उजवं चाललं, विमान डावीकडे फिरलं. हेच तुमच्या भाचीचं डिफरन्शियल ब्रेकिंग. वेग वाढला की प्रॉपेलरचा झोत आणि समोरची हवा रडरवर पुरेशी जोरात आदळते, मग ब्रेक लागत नाही. टेक-ऑफच्या धावेत पहिली काही सेकंदंच काय ती पायाची परीक्षा.

धुरकरी

हे तर आमच्या ट्रॅक्टरचंच झालं जी! ट्रॅक्टरला उजव्या पायाकडे ब्रेकची दोन पेडलं राहतात, एक डाव्या मागल्या चाकाचं, एक उजव्याचं. धुऱ्याशी आलो की जागा राहत नाही, नुसत्या स्टिअरिंगनं वळत नाही, पुढची चाकं चिखलात घसरतात. मग आतल्या बाजूचं एकच पेडल दाबायचं, ट्रॅक्टर जागच्या जागी गर्रकन फिरतो. धानाच्या चिखलणीत तर त्याशिवाय गत्यंतरच नाही. रस्त्यावर आलो की दोन्ही पेडलं खटक्यानं एकत्र जोडायची. नाही जोडली आणि भर रस्त्यात एकच दाबलं गेलं तर पलटी. विमानात असा खटका राहते का?

उनाडवारा

धुरकरी, एका उदाहरणात माझं अर्धं काम केलंत. खटका नसतो. म्हणूनच उतरल्यावर दोन्ही चवड्यांनी सारखा दाब द्यायची सवय पायात मुरवावी लागते. एक पाय जड असलेले विद्यार्थी पहिल्याच आठवड्यात ओळखू येतात, त्यांची विमानं थांबताना कायम एकाच बाजूला झुकतात.

ग्रीझ_पाना

एएमई, म्हणजे विमानांची देखभाल करणारा इंजिनिअर आहे, हलक्या विमानांवरच हात काळे केलेत. ब्रेकच्या पोटात काय असतं ते सांगतो.

पेडलच्या मागे प्रत्येक पायाला एक छोटा मास्टर सिलिंडर. सेसनात तेलाची टाकी वेगळी नसते, ती सिलिंडरच्याच डोक्यात असते. चवडा दाबला की तेल नळीतून खाली चाकाच्या कॅलिपरमध्ये जातं, पिस्टन बाहेर येतो आणि दोन्ही बाजूंची लायनिंग डिस्कला चिमटतात. बस्स. पॉवर ब्रेक नाही, एबीएस नाही, पंप नाही. तुमच्या पायात जेवढा जोर तेवढाच ब्रेक. डावी-उजवी लाइन पूर्ण वेगळी, त्यामुळे एक फुटली तरी दुसरी राहते. शिक्षकाच्या बाजूची पेडलं सेसनात दांड्यांनी याच दोन सिलिंडरना जोडलेली असतात. म्हणजे विद्यार्थ्याचा ब्रेक गेला तर शिक्षकाचाही गेला, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

तेल लाल रंगाचं, खनिज. हँगरमध्ये सगळे "छप्पन-शून्य-सहा" म्हणतात, पूर्ण नाव मिल-एच-५६०६. गाडीचं ब्रेक ऑइल वेगळ्या जातीचं, ग्लायकॉलवर बनलेलं. विमानाची रबरी सीलं नायट्राइलची असतात, गाडीचं तेल त्यात गेलं की ती फुगून मऊ पडतात आणि ब्रेक एकतर चिकटतो नाहीतर गळतो. "तेल तेलच असतं" म्हणणाऱ्याला मी हँगरच्या दाराबाहेर उभं करतो.

पेडल स्पंजासारखं लागलं, दोन-तीनदा पंप केल्यावर कडक झालं, तर लाइनमध्ये हवा आहे समजा. ती काढताना गाडीसारखी वरून खाली नाही, खालून वर काढणं बरं. कॅलिपरच्या निपलला दाबाचं भांडं लावायचं, तेल खालून चढवायचं, बुडबुडे आपोआप वर मास्टर सिलिंडरकडे जातात. हवेचा स्वभावच वर जायचा आहे, तिच्याशी कुस्ती कशाला?

लायनिंगची किमान जाडी क्लीव्हलँड कंपनीच्या ब्रेकना ०.१०० इंच, म्हणजे अडीच मिलिमीटर. त्याखाली गेलं की रिव्हेटची डोकी डिस्कवर घासायला लागतात आणि डिस्कवर ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या रेघा पडतात. मग स्वस्तातलं लायनिंग वाचवण्याच्या नादात महागडी डिस्क बदला.

आणि एक माझं मत, पटलं तर घ्या. ब्रेक उतरताना झिजत नाहीत, टॅक्सी करताना झिजतात. दोन विमानं सारख्याच तासांची असतात, एकाचं लायनिंग निम्मं आणि दुसऱ्याचं संपलेलं. लॉगबुक उघडायच्या आधी सांगू शकतो की थ्रॉटल पुढे ठेवून ब्रेकवर पाय रेलणारी पोरं कुठल्या विमानावर बसली होती.

शंकासुर

ग्रीझ_पाना, उनाडवाराताई, दंडवत. वाचनखूण साठवली आहे.

उपशंका: मोकळं नोजव्हील एवढं त्रासदायक असेल तर डायमंडने ते ठेवलंच का? आणि टॅक्सीचा वेग तो किती, त्यात ब्रेक कसले झिजणार? उतरताना ५० नॉट असतात, तेव्हा झिजायला हवेत ना?

गणिती

शेवटच्या प्रश्नाचं गणित मी करतो, शाळेतलंच आहे.

सेसना १७२एस पूर्ण भारात ११५७ किलो. ५० नॉट म्हणजे सेकंदाला २५.७ मीटर. अर्धं वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, सुमारे ३८० किलोजूल. ही ऊर्जा उतरल्यावर कुठेतरी जायला हवी. पण ती सगळी ब्रेकमध्ये जात नाही, हवेचा विरोध आणि टायरचं घर्षण बराच वाटा उचलतात. वर्गाचा नियम असल्यामुळे वेग निम्मा होईपर्यंत थांबलात तर पाऊणभर ऊर्जा आधीच गेलेली असते.

आता टॅक्सी. १० नॉट म्हणजे सेकंदाला ५ मीटर. समजा थ्रॉटल गरजेपेक्षा जास्त उघडा आहे आणि जास्तीचा रेटा ३०० न्यूटन, म्हणजे जेमतेम तीस किलोचा. वेग वाढू नये म्हणून पायलट ब्रेक धरून चालतो आहे. ३०० गुणिले ५, म्हणजे दीड किलोवॅट उष्णता, सतत. पाच मिनिटं असंच चाललं की ४५० किलोजूल. एका अख्ख्या लँडिंगपेक्षा जास्त, आणि यातलं जवळजवळ सगळं ब्रेकमध्ये. शिवाय धीम्या वेगाला डिस्कवरून गार वाराही वाहत नाही.

ग्रीझ_पाना यांचं मत गणिताला मान्य आहे.

ग्रीझ_पाना

गणितीसाहेब, हा हिशोब छापून क्लासरूमच्या दारावर लावतो.

उनाडवारा

शंकासुर, पहिल्या उपशंकेचं उत्तर. कॅस्टर नोजव्हीलला दांड्या, स्प्रिंगा, जोड काही नाही. वजन कमी, देखभाल कमी. चाक बरंच मोकळं फिरतं म्हणून अरुंद जागेत विमान जवळजवळ एका चाकावर फिरवता येतं. डायमंड एकटी नाही, सिरस आणि जुनी ग्रमन हीच पद्धत वापरतात.

पण किंमत मोजावी लागते ती आडव्या वाऱ्यात. विमानाचं शेपूट मोठं, त्यामुळे उभं असलं तरी नाक वाऱ्याकडे वळू पाहतं, वातकुक्कुटासारखं नव्हे, तंतोतंत तेच. वारा डावीकडून असेल तर नाक डावीकडे. नोजव्हील मोकळं, त्याला कोण अडवणार? म्हणून सगळा वेळ उजवा ब्रेक थोडा थोडा. लांबलचक टॅक्सीवेवर एकच चाक सगळी मेहनत करतं आणि तेच तापतं. गणितींचा दीड किलोवॅट एकाच डिस्कवर आणून ठेवा म्हणजे कळेल.

यावर उपाय साधा, पण शिकवायला वेळ लागतो. ब्रेक धरून ठेवायचा नाही. एकदा ठाम दाबायचा, नाक हवं तिथे आणायचं, सोडायचं. पुन्हा गरज पडली की पुन्हा. आणि रडर पूर्ण टोकाला ठेवून बघायचं, कधीकधी तेवढ्यानेच भागतं. थ्रॉटल कमी करणं हे सगळ्यांच्या आधी.

ग्रीझ_पाना

याला जोड. ब्रेक फारच तापला तर कॅलिपरमधलं ओ-रिंग जळतं, तेल गळून तापलेल्या डिस्कवर पडतं आणि पेट घेतं. ५६०६ ज्वलनशील आहे. सिरसमध्ये असं घडल्याच्या घटना आहेत, म्हणून तिच्या ब्रेकवर तापमान दाखवणारे स्टिकर येतात आणि पायलटच्या पुस्तकात टॅक्सीबद्दल ठळक ताकीद आहे. बऱ्याच ठिकाणी आता कमी पेटणारं कृत्रिम तेल, मिल-एच-८३२८२, वापरतात. सीलांना ते चालतं, रंगही लालच.

आणि आता उलटं सांगतो, म्हणजे "ब्रेक लावूच नका" असं कुणी समजायला नको. नवं सेंद्रिय लायनिंग बसवलं की ते आधी मुद्दाम तापवावं लागतं. क्लीव्हलँडच्या पद्धतीत साधारण १७०० आरपीएम ठेवून, ब्रेक दाबून ताशी ५ ते १० मैल वेगाने दीड हजार फूट टॅक्सी करायची, मग १० ते १५ मिनिटं गार होऊ द्यायचं. पृष्ठभागावर एक चकचकीत थर तयार होतो, खरी पकड त्या थराची. मग पूर्ण शक्तीवर विमान जागेवर थोपतं का ते बघायचं. पुढे महिनोन् महिने कुणी फारच नाजूक ब्रेक लावत राहिलं तर तो थर घासून जातो आणि पकड कमी होते. मग तापवणं पुन्हा.

पावसाळ्यात आणखी एक गंमत. साध्या पोलादी डिस्कवर दोन दिवसांत गंज चढतो. जुहूसारख्या समुद्राकाठच्या जागी तर बघायलाच नको. पहिल्या दोन-तीन दाबांना खरखर आवाज येतो, मग साफ होतं. पण विमान महिनाभर उभं राहिलं तर गंज खड्डे पाडतो आणि तीच डिस्क लायनिंग किसून काढते. किनाऱ्यावर क्रोम चढवलेली डिस्क परवडते.

ओहायोकर

इथे क्लबच्या जुन्या पायपर चेरोकीवर उडतो. तिसरी तऱ्हा सांगतो.

आमच्या विमानाला टो ब्रेक नाहीतच! डॅशबोर्डखाली मधोमध एक दांडा आहे, तो ओढला की दोन्ही मुख्य चाकांना एकदम ब्रेक. ओढून बाजूचं बटण दाबलं की तोच पार्किंग ब्रेक. डिफरन्शियल वगैरे विसरा. वळायचं ते फक्त नोजव्हीलने, आणि ते जमतं कारण पायपरमध्ये पेडल आणि नोजव्हील यांच्यात सेसनासारखी स्प्रिंग नाही, सरळ दांड्या आहेत. पेडल जड लागतं पण दाबलं की तत्क्षणी वळतं. सेसनावरून आलेले लोक पहिल्या वळणाला दचकतात.

याची एक मेख आहे. सेसनात हवेत गेल्यावर पुढचा शॉकअब्सॉर्बर पूर्ण लांबतो आणि नोजव्हील आपोआप सरळ होऊन अडकतं. पायपरमध्ये हवेतही चाक रडरबरोबर वळत राहतं. आडव्या वाऱ्यात रडर दाबून उतरलात आणि नाक टेकताना पाय तसाच ठेवलात तर चाक वाकडं टेकतं आणि विमान बाजूला झेप घेतं. नाक खाली येताना पाय सरळ, हे इथे रक्तात भिनवावं लागतं.

हिवाळ्यात बर्फाळ टॅक्सीवेवर डीए-४० वाले मित्र माझ्याकडे हेव्याने बघतात. बर्फावर एक चाक ब्रेकने अडवलं तर ते नुसतं घसरतं, विमान वळत नाही. तेव्हा वळणारं नोजव्हील सोन्यासारखं वाटतं. माझ्या मते शिकणाऱ्याला पहिलं विमान वळत्या नोजव्हीलचंच द्यावं.

उनाडवारा

ओहायोकर, इथे नम्रपणे असहमत. कॅस्टरवर शिकलेला विद्यार्थी थ्रॉटल जपून वापरतो, कारण चुकला की लगेच पायाला कळतं. सेसनावरचा विद्यार्थी महिनोन् महिने पॉवरवर ब्रेक रेलून चालतो आणि नोजव्हील ते झाकून नेतं. बर्फाचं मान्य, पण महाराष्ट्रात बर्फ कुठून आणू?

ओहायोकर

हा हा, मान्य. पण निसरड्याचं म्हणाल तर तुमच्याकडे पाऊस आहे की.

गणिती

पावसाचंही सूत्र आहे. साठलेल्या पाण्यावर टायर तरंगायला लागण्याचा वेग नॉटमध्ये साधारण ९ गुणिले टायरच्या दाबाचं वर्गमूळ, दाब पीएसआयमध्ये. १७२एस च्या मुख्य टायरचा दाब ४२. वर्गमूळ साडेसहाच्या आसपास, म्हणजे ५८ नॉट. जुन्या १७२एन मध्ये २९, म्हणजे ४८ नॉट. हलकी विमानं टेकतात ती पन्नाशीच्या आगेमागे. आता विचार करा, टायरमध्ये हवा कमी भरली, ४२ च्या जागी २५, तर सूत्र ४५ नॉटवर येतं. म्हणजे टेकल्या क्षणी तरंगण्याची शक्यता. पावसाळ्याआधी टायरचा दाब मोजणं हे ब्रेकचंच काम आहे.

ग्रीझ_पाना

आणि तरंगत असताना ब्रेक दाबून ठेवला तर चाक फिरायचं थांबतं. पाणी संपून कोरडा डांबर लागला की त्याच जागी टायर चपटा घासला जातो. कोरड्यातही तसंच, टेकल्या टेकल्या पंख अजून वजन पेलत असतात, चाकावर भार नसतो, तेव्हा दाबलेला ब्रेक नुसता टायर खातो. आधी नाक टेकू द्या, हवं तर फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या खाली उतरणाऱ्या फळ्या) वर घ्या, योक मागे ओढा म्हणजे मुख्य चाकांवर वजन येतं, मग ब्रेक. १७२एस ला पुस्तकाप्रमाणे समुद्रसपाटीला जमिनीवरची धाव ५७५ फूट, म्हणजे १७५ मीटर. पण तो आकडा कडक ब्रेकचा आहे. समोर हजार मीटर मोकळी पट्टी असताना हे दाखवण्याची हौस कुणाला?

जुनाखोंड

धागा उशिरा पाहिला. आमच्या वेळी नाकाला चाकच नव्हतं, शेपटीला होतं, त्यावर कुणी बोललं नाही म्हणून लिहितो.

त्याआधीची पिढी टायगर मॉथवर शिकली. त्याला ब्रेकच नव्हते, आणि शेपटीला चाक नाही तर स्किड, म्हणजे एक घासत जाणारा पाय. गवताच्या मैदानावर तो पाय जमिनीत रुतायचा, तोच ब्रेक. वळायचं तर रडर पूर्ण दाबायचा आणि इंजिनाचा एक झटका द्यायचा, झोत रडरवर आदळून शेपूट फिरायचं. वारा जोरात असला की दोघे जण पंखांची टोकं धरून सोबत चालायचे. जेआरडी १९२९ साली शिकले ते याच मॉथ घराण्याच्या जमान्यात. डांबर-काँक्रीटच्या पट्ट्या आल्या आणि स्किड निरुपयोगी झाला, काँक्रीटवर तो ना रुतत ना धरत. तेव्हा शेपटीला चाक आलं आणि मुख्य चाकांना ब्रेक.

आम्ही पुष्पकवर शिकलो, एचएएलचं, दोन जणांचं, शेपटीच्या चाकाचं. अशा विमानात वजनाचा मध्य मुख्य चाकांच्या मागे असतो. विमान किंचित वाकडं झालं की मागचं वजन पुढे यायला बघतं आणि वाकडेपणा वाढतच जातो. वेळीच पाय दिला नाही तर विमान स्वतःभोवती गिरकी घेतं, त्याला ग्राउंड लूप म्हणतात. पंखाचं टोक जमिनीला लागतं. नोजव्हीलच्या विमानात वजन मुख्य चाकांच्या पुढे, त्यामुळे ते आपोआप सरळ होऊ पाहतं. हा फरक एवढा मोठा आहे की बाकीची सगळी चर्चा मला त्यापुढे किरकोळ वाटते. आणि ब्रेक जोरात दाबलात तर शेपूट उचलून नाक जमिनीत. पायपर कबसारख्या विमानांत ब्रेक टाचेने दाबायचे असायचे, छोटी बटणं पेडलच्या खाली. मला वाटतं तेवढ्याचसाठी बरे होते, टाचेने फार जोर लावताच यायचा नाही.

खिडकीची_जागा

मोठ्या विमानांतही पायानेच वळवतात का? धाग्याच्या विषयाबाहेर असेल तर सोडून द्या.

उनाडवारा

थोडक्यात: ए-३२० मध्ये पेडलने नोजव्हील फक्त ६ अंश वळतं, ते टेक-ऑफ आणि लँडिंगच्या धावेपुरतं. एप्रनवर वळायला बाजूला एक वेगळी मूठ असते, टिलर, तिने ७५ अंशांपर्यंत. ब्रेक तिथेही पेडलच्या टोकावर, पण मागे पंप, संगणक, अँटीस्किड सगळं. जुनाखोंड काका, तुमचा प्रतिसाद विद्यार्थ्यांना वाचून दाखवणार आहे.

शंकासुर

काका, फार सुंदर. आता शेवटच्या दोन. चालत्या विमानात एकाच बाजूचा ब्रेक गेला तर? आणि पार्किंग ब्रेक असताना चाकाला लाकडाचे ठोकळे कशाला लावतात?

उनाडवारा

ब्रेक गेला की पहिलं थ्रॉटल मागे. मग तो एकदा-दोनदा पंप करून बघायचा. वळतं नोजव्हील असेल तर चांगला ब्रेक हलकेच, आणि विरुद्ध पेडलने विमान सरळ धरायचं. कॅस्टर असेल तर चांगल्या ब्रेकच्याच बाजूला वळता येतं हे ध्यानात ठेवून, तिकडे मोकळी जागा बघायची. समोर काही असेल तर मिक्स्चर, म्हणजे इंजिनाचं इंधन तोडणारी मूठ, ओढून इंजिन बंद. प्रॉपेलर थांबलेला असताना कुठे टेकलात तर नुकसान पुष्कळ कमी होतं. म्हणूनच हललो की पहिल्या दोन-चार फुटांत दोन्ही बाजूंचे ब्रेक तपासायचे, माझे आणि विद्यार्थ्याचे. एप्रनवर कळलेलं बरं.

ग्रीझ_पाना

पार्किंग ब्रेक म्हणजे नळीत कोंडलेला दाब. सीलमधून तेल हळूहळू झिरपलं की दाब उतरतो आणि रात्रीत वारा आला की विमान चालू लागतं. उलट भर उन्हात तेल प्रसरण पावून दाब वाढतो. आणि नुकत्याच तापलेल्या डिस्कवर पार्किंग ब्रेक मारून गेलात तर डिस्क असमान गार होऊन वाकते. चोक, म्हणजे ते ठोकळे, लावा, पार्किंग ब्रेक सोडा, आणि वाऱ्याचा भाग असेल तर दोरांनी बांधा.

नोजव्हीलबद्दल दोन गोष्टी राहिल्या. धावताना पेडल आणि डॅशबोर्ड थडथडायला लागला तर ती शिमी. ती थडथड जिरवणारा शिमी डॅम्पर रिकामा असेल, कात्रीचे जोड सैल असतील किंवा टायरचा तोल गेला असेल. पायलटने योक मागे ओढून नाकावरचा भार काढावा आणि वेग कमी करावा, बाकी आमचं काम. दुसरं, सेसनाचा नाकाचा स्ट्रट, म्हणजे पुढचा शॉकअब्सॉर्बर, कुणी उत्साहात जास्त फुगवला तर विमान जमिनीवर असूनही तो लांबलेलाच राहतो, हवेत असल्यासारखं चाक सरळ अडकतं आणि पायलट तक्रार करतो की स्टिअरिंग गेलं. स्टिअरिंगला काही झालेलं नसतं, नायट्रोजन थोडा कमी केला की वळतं.

धुरकरी

ट्रॅक्टर जोडून ओढता येते का मंग विमान?

ग्रीझ_पाना

हलक्या विमानाला ट्रॅक्टर नको, धुरकरी! नोजव्हीलला टो बार लावून माणूसच ओढतो. बार वळवायची हद्द सेसनाला दोन्हीकडे ३० अंश, त्यापुढे वळवला की आतले स्टॉप तुटतात, आणि मग पायलट हवेतून खाली आल्यावर कळतं की विमान एकाच बाजूला वळतंय. जागा अरुंद असेल तर शेपटीकडे, पुस्तकात दाखवलेल्या जागी दाबून नाक उचलायचं आणि विमान मुख्य चाकांवर फिरवायचं. काम झालं की टो बार लगेच काढून बाजूला. तो तसाच राहिला आणि इंजिन सुरू केलं तर प्रॉपेलर त्यावर आदळतो, आणि मग इंजिन उघडूनच तपासावं लागतं.